पायवाट पायवाटच राहू द्या : पुण्याच्या नदीकाठाचे नियोजन करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मुळा, मुठा आणि मुळा-मुठेच्या काठाचे आराखडे आखणारे, मंजूर करणारे आणि राबवणारे सर्व अधिकारी, अभियंते व लोकप्रतिनिधी

विषय : उपनगरांतल्या नदीकाठच्या मातीच्या वाटा वाचवण्याबाबत

महोदय / महोदया,

स. न. वि. वि.

पुण्यातल्या सुमारे ४४ किलोमीटर नदीकाठाचे रूप बदलण्याचे काम २०२२ पासून टप्प्याटप्प्याने चालू आहे. जिथे काम झाले तिथे काठ उंच झाला, त्यावर दगड बसले आणि रुंद फरसबंद पदपथ आला. जिथे यंत्रे अजून पोचायची आहेत तिथे मातीच्या वाटा शिल्लक आहेत. कुठे त्या दोन माणसे शेजारून जातील एवढ्या रुंद आहेत, कुठे नुसत्या गवतातून गेलेल्या. या वाटा नकाशावर नाहीत म्हणून जमिनीवरही नाहीत असे धरून पुढचे काम होऊ नये, यासाठी हे पत्र.

पत्र आम्ही सगळ्यांसमोर लिहीत आहोत, कारण प्रश्न सगळ्यांचा आहे. औंध, बाणेर, बालेवाडी, कल्याणीनगर, खराडी, मुंढवा, मांजरी या उपनगरांत घरे झपाट्याने वाढली, मैदाने वाढली नाहीत. पहाटे चालायला, मुलांना चिखल आणि बेडूक दाखवायला, हिवाळ्यात पाहुणे पक्षी पाहायला इथल्या माणसाला जवळची जागा म्हणजे नदीकाठ. तिकीट नाही, फाटक नाही, पायांत साधी चप्पल असली तरी चालते. आम्ही या वाटांवर वर्षाचे बाराही महिने चालतो. कोणती वाट पहिल्या पावसात निसटते, कोणती पूर ओसरल्यावर चौथ्या दिवशी चालण्याजोगी होते, हे आम्हाला पाठ आहे. म्हणून तक्रारीबरोबर उपायही मोजमापासह लिहीत आहोत.

आधी, इथे पाहण्यासारखे आहे काय ते.

पश्चिमेला औंध-बाणेरच्या मध्ये राम नदी मुळेला मिळते. खाटपेवाडीकडून निघून, पाषाणचा तलाव भरून, सोमेश्वरवाडीच्या देवळाला वळसा घालून ही छोटी नदी इथवर येते. संगमाजवळच्या काठावर वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ अशी खरी नदीकाठची झाडी अजून टिकून आहे. बागेत लावता येत नाही अशी ही झाडी. पावसाळ्यात मुळे पाण्यात बुडाली तरी तिला काही होत नाही. संगमावरून बाणेरच्या टेकडीकडे वळले की खडकात कोरलेले बाणेश्वराचे लेणे लागते. तलाव, देऊळ, नदी, संगम, टेकडी, लेणे, एका सकाळीत होण्यासारखी ही भटकंती. पण ती सलग करता येत नाही. कुठे कुंपणाची भिंत पाण्यापर्यंत येते, कुठे राडारोड्याचा ढीग आडवा पडलेला असतो, आणि माणूस पुन्हा वाहनांच्या रस्त्यावर येतो.

पूर्वेला बंडगार्डनचा बंधारा आणि १८६७ सालचा फिट्झगेराल्ड पूल. तिथून खाली येरवडा-कल्याणीनगरच्या काठाला डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य. लोकांच्या तोंडी ते अभयारण्य असले तरी वन्यजीव कायद्याखालची अधिसूचना त्याला नाही, आणि हीच त्याची सगळ्यात दुबळी बाजू. त्याच्या पुढे खराडी, मुंढवा, मांजरी करत नदी सोलापूर रस्त्याजवळच्या कवडीला पोचते. कवडीला नदीच्या पात्रात उघडा खडक आहे, जुना दगडी बांध आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सूर्य उगवायच्या सुमाराला तिथे उभे राहिले की चक्रवाक, थापट्या, शेकाट्या, तुतवार, धोबी, चित्रबलाक, नदी सुरय अशी यादी वहीचे एक पान भरून होते. आणि त्याच बांधाखाली साबणाच्या फेसाचे पांढरे गठ्ठे तरंगत असतात. दोन्ही एकाच नजरेत दिसते. त्याच्याही पुढे नदी थेऊरला चिंतामणीच्या पायाशी जाते.

म्हणजे आकर्षण नव्याने तयार करायची गरज नाही. ते आहे. गरज आहे ती तिथवर माणसाला सुखरूप नेणाऱ्या आणि नदीला न दुखावणाऱ्या वाटेची. नेमकी तीच आत्ताच्या कामात हरवते आहे.

आमच्या तक्रारी अशा.

पहिली तक्रार वाटेच्या पोटातली. नदीकाठची माती एक तर गाळाची असते किंवा काळी. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर ३ ते ५ सेंटिमीटर वाळू किंवा कच पसरून ६ किंवा ८ सेंटिमीटर जाडीचे पेव्हर ब्लॉक बसवले, तर पहिल्या वर्षी ते देखणे दिसतात. पुराचे पाणी कडेने आत शिरते, सांध्यांतून वाळू धुऊन नेते, ब्लॉकखाली पोकळी होते. आधी कडेचा कर्ब कलतो, मग त्याला टेकलेली रांग सुटते आणि मधले ब्लॉक डगमगू लागतात. पाय पडला की ब्लॉकखालचे गढूळ पाणी पिचकारीसारखे उडते. म्हाताऱ्या माणसाचा घोटा मुरगळतो तो इथेच. सिमेंट काँक्रीट टाकले तर दोष वेगळा : खालची माती वाहून जाते, वरचा थर अधांतरी राहतो आणि एक दिवस मोठा तुकडा खचतो. हा कामगाराचा दोष नव्हे. दरवर्षी पाण्याखाली जाणाऱ्या जागेवर न बुडणाऱ्या जागेचे तंत्र वापरल्याचा हा परिणाम आहे.

पुरात लव्हाळी वाचतात हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. वाटही तशीच बांधता येते. दीड मीटर रुंदी पुरे. वरची १० ते १५ सेंटिमीटर सुपीक माती काढून बाजूला ठेवावी, ती शेवटी कडांवर पसरायला लागते. मग मुरूम दोन थरांत, प्रत्येक थर सैल असताना १० सेंटिमीटर. दाबून झाल्यावर दोन्ही मिळून साधारण १५ सेंटिमीटर राहतात. मुरूम नुसता खडेदार असेल तर पाय घसरतो, नुसता चिकट असेल तर पावसात चिखल होतो. परीक्षा सोपी आहे : ओलसर मुरूम मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि हाताला पाणी सुटू नये. एवढी ओल असतानाच लहान रोलर किंवा धुमस (माती ठोकून दाबायचे जड हत्यार) चालवावा. कोरडा दाबलेला मुरूम महिनाभरात उखडतो, हे नेहमी होते, कारण टँकरचे पाणी वाचवले जाते.

याहून महत्त्वाचा तो आडवा उतार. वाट नदीच्या बाजूला दर मीटरला ५ सेंटिमीटर कललेली हवी, म्हणजे दीड मीटर वाटेला साडेसात सेंटिमीटर. डोळ्यांना हा कल जाणवत नाही, पाण्याला जाणवतो. ते वाटेवरून आडवे जाऊन गवतात मुरते. कल नसला की वाटच ओढा होते. लांबीचा उतार दहास एकपेक्षा (दहा मीटर अंतरात एक मीटर चढ) जास्त असू नये. जिथे उतार सलग आहे तिथे दर १५ ते २० मीटरवर वाटेला किंचित खोलगटपणा द्यावा किंवा वाटेला तिरक्या, निम्म्या काटकोनात पुरलेल्या दगडांची ओळ द्यावी, म्हणजे पाणी तिथेच बाहेर पडते. ओळ वाटेला काटकोनात लावली तर तिच्यामागे गाळ साचतो आणि पुढच्या पावसात पाणी तिच्यावरून उडी मारून खड्डा पाडते.

अशा १ किलोमीटर वाटेला सुमारे १०५ ब्रास (१ ब्रास म्हणजे १०० घनफूट) मुरूम लागतो. पुरानंतर वरचे दोन-तीन सेंटिमीटर जातात, कुठे उलट गाळ चढतो. तो फावड्याने ओढायचा, खड्ड्यांत पाटीभर मुरूम टाकून धुमस मारायचा. दोन माणसांचे काही दिवसांचे काम. त्यासाठी निविदा काढावी लागत नाही.

इथे एक आक्षेप रास्त आहे आणि तो आम्हाला मान्य आहे. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला, काठी घेऊन चालणाऱ्या आजींना मुरूम जड जातो. त्यांच्यासाठी प्रत्येक मोठ्या प्रवेशाजवळ अर्धा किलोमीटर टणक, सपाट पदपथ जरूर करावा, उतार विसास एकपेक्षा कमी, दर १०० मीटरवर पाठ टेकता येईल असे बाक. मात्र तो निळ्या पूररेषेच्या वर असावा. २५ वर्षांत एकदा येणारा पूर जिथवर चढतो ती निळी रेषा, १०० वर्षांत एकदा येणारा चढतो ती लाल. निळीच्या आत नदीचे घर आहे. तिथे पाहुण्यासारखे जावे.

दुसरी तक्रार काठ उभा करण्याची. उतरता, झाडीचा काठ भरून त्याला उभा किंवा पायऱ्यांचा बांध केला की पात्र तेवढे आवळते. तेवढेच पाणी कमी जागेतून जायचे म्हणजे त्याची उंची वाढते किंवा वेग वाढतो, बहुतेक वेळा दोन्ही. वेग वाढलेले पाणी समोरच्या, न बांधलेल्या काठाला धडकते आणि तिथली माती जाते. मग तिथेही बांध हवा अशी मागणी येते. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर विसरलेली पिढी पुण्यात आली असेल, पण २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यालगतच्या सोसायट्यांत शिरलेले पाणी आठवायला फार मागे जावे लागत नाही.

जिथे काठ खरोखर ढासळतो तिथे दोनास एक उतार काढून वाळा लावावा. रोपे १० ते १५ सेंटिमीटर अंतराने, उंचीत दर मीटरला एक आडवी ओळ, लावणी मृगाच्या सरींवर. मुळे खाली दोन-तीन मीटर जातात आणि माती धरून ठेवतात. पायथ्याला वाळुंजाची कलमे आणि शेरणीची झुडपे. दगड भरलेल्या तारेच्या जाळ्या फक्त वळणाच्या बाहेरच्या अंगाला, जिथे धार थेट आदळते तिथे.

तिसरी झाडांची. झाड तोडले तर वर्तमानपत्रात येते. झाड ठेवून मारले तर येत नाही. करंजाच्या बुंध्याभोवती काँक्रीटचा गोल आवळलेला असतो, मध्ये वीतभर जागा, तिच्यात सिगारेटची थोटके आणि सिमेंटचा उरलेला माल. खाली मुळांना हवा आणि पाणी मिळणे बंद होते, कारण अन्नपाणी घेणारी बहुतेक मुळे वरच्या हात-दीड हात मातीतच असतात. बुंध्यावर फूटभर भराव घातला तरी तेच. झाड दोन-चार वर्षे हिरवे दिसते, मग शेंड्याकडून वाळत येते. तोवर कंत्राट संपलेले असते. मोठ्या झाडाभोवती निदान २ मीटर त्रिज्येत फरशी, भराव, खोदाई काहीही नको. वाट झाडाला वळसा घालून गेली तर चालणाऱ्याला ती सरळ वाटेपेक्षा आवडते. आणि वाळुंजाच्या बदल्यात गुलमोहर ही बरोबरी नव्हे. दुसरीकडे नेऊन लावलेले झाड जगले की नाही हे तीन पावसाळ्यांनंतर मोजले तरच त्याला ‘वाचवलेले’ म्हणावे.

चौथी कठड्यांची. पूर ओसरल्यावर पाण्याखाली गेलेल्या कुठल्याही कठड्याजवळ जाऊन पाहा. आडव्या नळ्यांत जलपर्णीच्या लांब काळ्या मुळ्या केसांसारख्या गुंतलेल्या असतात. त्यांत साडीची धांदोटी, नायलॉनची दोरी, थर्माकोलचे तुकडे, निर्माल्याच्या पिशव्या. हे सगळे मिळून कठड्याची भिंत होते. नदीचे पाणी ज्या जाळीतून जायचे ती बुजली की पाण्याचा सगळा जोर खांबांच्या बुडावर येतो आणि कठडा पायासकट वाकतो, जाताना वाटेची कड घेऊन जातो. पूरक्षेत्रात सलग लोखंडी कठडा नको. गुडघाभर उंचीचे दगडी खुंट, दोन-दोन मीटरवर. जिथे थेट खोल पाणी आहे अशा थोड्या जागी काढता येणारे उभे खांब, जे मे अखेर काढून ठेवता येतील.

पाचवी, दिव्यांची. रात्रभर जळणारा पांढरा झगझगीत दिवा नदीकाठी नको. प्रवेशांजवळ कमरेएवढ्या उंचीचे, खाली उजेड टाकणारे पिवळसर दिवे, प्रकाशाचा रंग २७०० केल्विन किंवा त्याहून कमी, रात्री १० नंतर बंद. सालिम अली अभयारण्य आणि कवडी इथे एकही नको.

सहावी तक्रार वासाची आहे. सांडपाण्याच्या मोठ्या वाहिन्या उतार मिळतो म्हणून काठानेच जातात आणि त्यांची चेंबरे वाटेवर किंवा वाटेशेजारी येतात. पावसाचे पाणी या वाहिन्यांत शिरले की झाकणे उचलली जातात आणि मैला थेट चालणाऱ्याच्या पायांखालून नदीत जातो. पदपथाच्या पातळीला लपवलेले चेंबर सगळ्यात वाईट, कारण ते वाहते आहे हे पाय पडल्यावर कळते. चेंबरची कड वाटेपेक्षा हातभर वर हवी, झाकण कुलूपबंद, त्यावर ठळक क्रमांक रंगवलेला, म्हणजे तक्रार करणाऱ्याला ‘त्या मोठ्या झाडाजवळ’ असे सांगावे लागणार नाही. नाल्यावरून वाट जाते तिथे फूटभर व्यासाचा नळ टाकून वर भराव केला जातो. तो नळ पहिल्याच मोठ्या पावसात पिशव्यांनी बुजतो आणि भराव वाहून जातो. तिथे नाल्याच्या तळाला दगडी फरशी करावी आणि तिच्यावर ६० सेंटिमीटर अंतराने सपाट डोक्याचे मोठे दगड ठेवावेत. पाणी दगडांच्या मधून जाईल, माणूस वरून. दोन दिवस पाणी जास्त असले तर माणूस थांबेल.

जलपर्णीबद्दल एकच. ती यंत्राने काढून काठावर ढीग लावला की ढीग कुजतो, त्यातले खत नदीत परत जाते आणि उरलेली रोपे जोमाने वाढतात. काढलेली जलपर्णी त्याच दिवशी निळ्या रेषेबाहेर गेली नाही तर ती काढण्याचा पैसा वाया जातो. मूळ कारण सांडपाणी आहे. ते थांबेपर्यंत हे दरवर्षी करावे लागणार.

सातवी तक्रार सुरक्षिततेची आहे आणि आमच्या लेखी सगळ्यात गंभीर. पावसाळ्यात सूचना येते ती बहुधा खडकवासला धरणाच्या विसर्गाची : इतके हजार क्युसेक सोडले. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. १०,००० क्युसेक म्हणजे दर सेकंदाला २,८०,००० लिटर, १०,००० लिटरचे २८ टँकर एका सेकंदात. पण हा आकडा मुठेचा आहे. कल्याणीनगरला किंवा मांजरीला वाटेवर असलेल्या माणसासमोरचे पाणी मुठेचे, मुळशी धरणाखालून येणाऱ्या मुळेचे, दापोडीला मुळेला मिळणाऱ्या पवनेचे आणि मधल्या सगळ्या नाल्यांचे मिळून असते. खडकवासला शांत असेल आणि पवना सोडलेली असेल तर पूर्वेच्या उपनगरातला माणूस फसतो. औंध-बाणेरला तर खडकवासल्याच्या आकड्याचा काही संबंधच नाही. पूर्वेच्या वाटांसाठी बंडगार्डनचा विसर्ग आणि पश्चिमेच्या वाटांसाठी मुळशीचा विसर्ग सांगितला गेला पाहिजे.

आणि आकड्यापेक्षा खूण बरी. प्रत्येक पुलाच्या एका खांबावर तीन पट्टे रंगवा : हिरवा, पिवळा, लाल. त्या भागातल्या सर्वांत खालच्या वाटेच्या १ मीटर खाली लाल पट्टा सुरू व्हावा. पाणी लालला टेकले की वाट बंद, विचारायचे काम नाही. मोबाइलला रेंज नसली, बॅटरी संपली, आजोबांना चष्म्याशिवाय वाचता आले नाही, तरी रंग दिसतो. दर ३०० मीटरवर वर जायची मोकळी वाट हवी. बाहेर पडायचा रस्ता सोसायटीच्या कुलूपबंद फाटकात संपत असेल तर तो रस्ता नव्हे.

आठवी, कामाच्या हंगामाची. नदीत यंत्रे उतरवायला सोयीचा काळ मार्च ते मे, पाणी कमी म्हणून. नेमका तोच टिटवीचा विणीचा हंगाम. टिटवी घरटे बांधत नाही. उघड्या वाळू-खड्यांत, बोटभर खळग्यात, बहुतेकदा चार अंडी. खड्यांच्याच रंगाची, टोके आत वळवून ठेवलेली. दोन पावलांवरून माणसाला दिसत नाहीत, जेसीबीच्या चालकाला कुठून दिसणार? डोक्यावर टिटवी ओरडत घिरट्या घालू लागली म्हणजे अंडी जवळ आहेत. पात्रात काम करायचेच असेल तर आधी सकाळी एक माणूस चालवून खुणेच्या काठ्या रोवून घ्याव्यात आणि काठीभोवती यंत्र जाऊ नये. कवडीला खडकाला हात लावू नये, उन्हाळ्यात नको आणि हिवाळ्यातही नको. तिथला खडबडीत उथळपणा हेच पक्ष्यांचे अन्न. तो ‘साफ’ केला की पाणी दिसेल, पक्षी दिसणार नाहीत.

आमच्या मागण्या :

१. पुढच्या कुठल्याही टप्प्याची निविदा काढण्यापूर्वी त्या काठावर चालून सध्याच्या वाटांचे मोजणी-नकाशे करावेत आणि ते मराठीत सर्वांना पाहायला ठेवावेत. जुन्या गाव नकाशांत पायमार्ग तुटक रेषेने दाखवलेले असतात आणि त्यांची रुंदी सव्वाआठ फूट धरलेली असते. बाणेर, बालेवाडी, मुंढवा, मांजरी, कवडी या गावांचे नकाशे काढून नदीला जाणारे पायमार्ग त्यांवर खुणावेत आणि जिथे भिंत किंवा भराव आला आहे तिथे ते मोकळे करावेत.

२. निळ्या पूररेषेच्या आत नवीन काँक्रीट, पेव्हर ब्लॉक आणि सलग कठडा नसावा. मातीच्या वाटेचे वर दिलेल्यासारखे एक तपशील-पत्रक तयार करून ते अंदाजपत्रकाला जोडावे. दरसूचीत ‘पायवाट’ नावाची बाब नाही म्हणून ब्लॉक बसवले, हे कारण पुढे येऊ नये.

३. राम-मुळा संगमाची झाडी आणि कवडीचे खडकाळ पात्र कामाच्या हद्दीतून लेखी वगळावे. सालिम अली अभयारण्याला कायद्याचा दर्जा देण्याचा प्रस्ताव पाठवावा आणि तोवर त्याची हद्द दगड रोवून पक्की करावी.

४. पुलांवरचे रंगपट्टे आणि वर जायच्या वाटांच्या पाट्या ३१ मेपूर्वी लागाव्यात. याला मोठा खर्च नाही. रंग, शिडी आणि पातळी काढणारा एक सर्वेक्षक लागतो.

५. रस्त्यांना मैलकुली असत तशी वाटेला कायमची माणसे नेमावीत, दर ३ किलोमीटरला दोन. हत्यारे : फावडे, कुदळ, पाटी, धुमस, कोयता. मेअखेर पाण्याच्या वाटा मोकळ्या करणे, पूर ओसरला की गाळ ओढणे, दिवाळीपूर्वी मुरूम भरणे, उन्हाळ्यात घाणेरी आणि सुबाभूळ मुळासकट काढणे. नव्या उद्घाटनाच्या रकमेतला अगदी छोटा हिस्सा यासाठी दरवर्षी राखून ठेवावा.

६. चेंबरना क्रमांक द्यावेत आणि वाहणाऱ्या चेंबरची तक्रार आल्यापासून ती मिटेपर्यंतची नोंद उघडपणे दाखवावी.

यांतले सगळे एकदम होणार नाही हे समजते. चौथी मागणी मात्र पुढच्या पावसाळ्याआधीच पूर्ण झाली पाहिजे. तिथे उशीर झाला तर भरपाई करता येत नाही.

आपल्यापैकी ज्यांना शक्य असेल त्यांनी एका सकाळी आमच्याबरोबर चालावे. सुरुवात सकाळी साडेसहाला, राम-मुळा संगमापासून. सोबत ५ मीटरचा टेप, पाण्याची पारदर्शक पातळी-नळी आणि त्या भागाचा गाव नकाशा एवढेच आणावे. बूट जुने असू द्यावेत. पहिल्या अर्ध्या किलोमीटरमध्ये भिंतीने तुटलेली एक जागा, पाण्यामुळे खचणारी एक जागा आणि हात न लावता सोडून द्यावी अशी एक जागा, अशा तीन जागा दाखवू. पूर्वेच्या भागासाठी दुसरा दिवस ठेवावा, शक्यतो डिसेंबरातला, आणि तो कवडीला सूर्योदयाआधी सुरू करावा.

कळावे,

आपले,
नदीकाठी चालणारे, पुणे